मुंबईचा पांचवा गोलंदाज

दरसाल पावसाळा ओसरून आश्विनाचें ऊन पडूं लागलें, म्हणजे जोगेश्वरी स्थानकाच्या फलाटावर सकाळीं एक ठराविक संभाषण कानीं पडतें. रणजी करंडकाचे सामने तोंडावर आलेले असतात, मुंबईच्या संघाचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालेलीं असतात, आणि गाडीची वाट पाहणारी मंडळी त्या नांवांचा हिशेब मांडीत असते. सलामीला अमका आहे, तिसऱ्या क्रमांकावर तमका आहे, पांचव्याचें शतक तर ठरलेलेंच. तेव्हां यंदा काळजीचें कारण नाहीं, असें एक गृहस्थ सांगतात व बाकीचे मान डोलवितात. इतक्यांत गाडी येते, लोंढा डब्यांत शिरतो, आणि हिशेब तेथेंच राहतो. प्रस्तुत लेखकास ह्या अर्ध्या हिशेबाविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण मंडळींनीं मोजले ते सारे फलंदाज होते. चेंडू कोण टाकणार, हें कोणीं विचारलेंच नाहीं.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. संघाचा हंगाम कसा जाईल हें ताडावयाचें असेल, तर त्याच्या पहिल्या फलंदाजाकडे पाहूं नये. पांचव्या गोलंदाजाकडे पाहावें. पहिले दोन गोलंदाज बहुतेक संघांस असतातच. तिसरा व चौथा शोधला तर सांपडतो. परंतु चौथ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं, पहिल्या चौघांचे खांदे भरून आले असतां, ज्याच्या हातीं निःशंकपणें चेंडू देतां येईल असा पांचवा मनुष्य ज्या संघापाशीं आहे, त्याच्याच विषयीं कांहीं भाकीत करण्यांत अर्थ आहे.

हें केवळ बोलण्यापुरतें नव्हे. साध्या अंकगणितानें तें पडताळून पाहतां येईल. २०२४-२५ व २०२५-२६ ह्या दोन्ही हंगामांत रणजी स्पर्धेच्या वरच्या वर्गांत ३२ संघ चार गटांत विभागलेले होते, व गटांतील प्रत्येक संघास चार चार दिवसांचे सात सामने होते. सामना निर्णायकपणें जिंकला तर ६ गुण. तो अनिर्णित राहिला परंतु पहिल्या डावांत आघाडी असली तर ३. आघाडी गमावली तर अवघा १. म्हणजे फलंदाजांनीं धांवांचा डोंगर रचला तरी केवळ त्याच्या बळावर पदरांत पडतात ते ३ गुण. उरलेले ३ आणावयाचे तर बहुधा प्रतिपक्षाचे वीसच्या वीस गडी बाद करावे लागतात. आतां दिवसास ९० षटकें धरलीं तर चार दिवसांचीं ३६० झालीं. त्यांतील निम्मीं, म्हणजे १८०, आपल्या गोलंदाजांच्या वांट्यास आलीं. दोन जलद गोलंदाजांनीं प्रत्येकीं ३५ टाकलीं आणि दोन फिरकी गोलंदाजांनीं प्रत्येकीं ४५, तरी बेरीज १६०च होते. राहिलेलीं वीस षटकें कोणाचीं? चवथ्या इयत्तेंतील मुलासही सुटेल असें हें उदाहरण आहे. परंतु फलाटावरील आमचे मित्र तें कधींच सोडवीत नाहींत.

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा जो खेळ आहे, त्याच्या रसिकांची रीत ह्याच्या नेमकी उलट आहे. तेथें वसंत ऋतूंत हंगाम सुरू होण्यापूर्वीं पहिली चौकशी चेंडू फेंकणारांची होते. एकानें आज फेंकलें तर पुढील चार दिवस त्यास विसांवा द्यावयाचा, म्हणून पांचांची पाळी लावलेली असते. शिवाय थकलेल्याच्या जागीं मध्येंच यावयास आणखी कित्येक राखून ठेवलेले असतात. त्या पांचांतील चौथा व पांचवा कच्चा असला तर लोक आधींच चिंता करूं लागतात. आमच्याकडे ही चिंता फेब्रुवारींत, सामना हातचा गेल्यावर, सुरू होते.

गेल्या कांहीं हंगामांचा दाखला घेऊं. २०२२-२३ सालीं डावखुरा फिरकी गोलंदाज शम्स मुलाणी ह्यानें एकट्यानें ४६ गडी बाद केले. इतकें करूनही मुंबईस उपांत्यपूर्व फेरी गांठतां आली नाहीं. त्या वर्षींचा ब्रेबॉर्न मैदानावरील महाराष्ट्राविरुद्धचा सामना पुष्कळांस आठवत असेल. महाराष्ट्राचा पहिला डाव ३८४ धांवांवर संपला, आणि मुंबईचाही बरोबर ३८४ वरच! आघाडी ना ह्यांस, ना त्यांस. त्यानंतर जो तो फलंदाजांस बोल लावीत होता कीं, आणखी एक धांव कां काढली नाहीं? आम्हांस मात्र वाटलें कीं, महाराष्ट्राचा शेवटचा गडी एक धांव आधीं बाद करणारा कोणी कां नव्हता, असाही प्रश्न विचारतां आला असता.

लगेच पुढच्या वर्षीं, २०२३-२४ मध्यें, चित्र पालटलें. भार एकट्या मुलाणीवर राहिला नाहीं. मोहित अवस्थी व मुलाणी ह्या दोघांनीं प्रत्येकीं ३५ गडी बाद केले. तनुष कोटियन ह्यानें २९ गडी बाद करून वर ५०२ धांवा काढल्या आणि स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. मार्च २०२४ मध्यें वानखेडे मैदानावर विदर्भाशीं अंतिम सामना झाला. त्यांत विदर्भाचा पहिला डाव १०५ धांवांत आटोपला, त्या डावांतील गडी कसे वांटले गेले तें पाहण्यासारखें आहे: धवल कुलकर्णी ३, मुलाणी ३, कोटियन ३, शार्दूल ठाकूर १. कोणा एकाचा पराक्रम नव्हे, चौघांची खानावळ! मुंबईनें तो सामना १६९ धांवांनीं जिंकून करंडक ४२व्या वेळीं घरीं आणला. धवल कुलकर्णी ह्याचा तो अखेरचा सामना. आणि शेवटचा गडी टिपण्याकरितां नायकानें चेंडू त्याच्याच हातीं दिला. उमेश यादवचा त्रिफळा उडाला, तो क्षण ज्यांनीं पाहिला ते विसरणार नाहींत.

पुढील हंगामाची सुरुवातच वाईट झाली. ऑक्टोबर २०२४ मध्यें बडोद्यास मुंबई ८४ धांवांनीं हरली. जानेवारी २०२५ मध्यें वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर जम्मू-काश्मीरचा संघ आला, तेव्हां मुंबईकडून रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर असे मोहरे एकत्र खेळत होते. इतकीं मोठीं नांवें एका यादींत क्वचितच वाचावयास मिळतात. पहिला डाव १२० धांवांत गडगडला. उमर नझीर मीर ह्या काश्मीरच्या उंच गोलंदाजानें वरची फळी कापून काढली. दोन्ही डावांत मुंबईची अब्रू कांहीं अंशीं राखली ती शार्दूल ठाकूर ह्यानें, ५१ व ११९ धांवा काढून. म्हणजे तीही एका गोलंदाजानेंच. सामना पांच गड्यांनीं गेला.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, त्याच हंगामांत विदर्भानें करंडक जिंकला तो हर्ष दुबे ह्या एकट्याच्या ६९ बळींच्या जोरावर. एका हंगामांतील तो विक्रम होय. आक्षेप खोटा नाहीं. परंतु नागपूरच्या उपांत्य सामन्यांत मुंबईचा पहिला डाव मोडला तो दुबेनें नव्हे. पार्थ रेखडे नांवाच्या नवख्या मुलानें एकाच षटकांत रहाणे, सूर्यकुमार यादव व शिवम दुबे ह्या तिघांस परत धाडलें. आमच्या फलाटावर त्याचें नांव तोंवर कोणीं ऐकलें नव्हतें. ज्याचें नांव ऐकलेलें नसतें असा एखादा मनुष्य संघांत तयार असणें, ह्यासच आम्ही गोलंदाजीची खोली म्हणतों.

हंगामाच्या आरंभास विशेष महत्त्व कां, तेंही सांगितलें पाहिजे. वर सांगितलेल्या दोन्ही वर्षीं सात सामन्यांपैकीं पांच ऑक्टोबर-नोव्हेंबरांतच उरकले गेले, आणि मधल्या दोन महिन्यांत झटपट सामन्यांच्या स्पर्धा होऊन राहिलेले दोन जानेवारींत सुरू झाले. म्हणजे दिवाळीच्या मागेंपुढेंच बराचसा निकाल लागून जातो. मागाहून सुधारूं म्हणण्यास सवड नाहीं. त्यांत चांगला गोलंदाज कोणत्या दिवशीं देशाच्या कामास बोलाविला जाईल ह्याचा नेम नसतो. डिसेंबर २०२४ मध्यें आश्विन निवृत्त झाला आणि तनुष कोटियन ह्यास तडक ऑस्ट्रेलियास जावें लागलें. अभिमानाचीच गोष्ट, परंतु त्याच्या जागीं कोण, ह्याचें उत्तर घरीं तयार असावें लागतें. ऑक्टोबर २०२५ मध्यें श्रीनगरास मुंबईनें जम्मू-काश्मीरवर ३५ धांवांनीं निसटता विजय मिळवून हंगामाची सुरुवात केली. तेथें दुसऱ्या डावांत ४६ धांवांत ७ गडी बाद करणारा पुन्हा मुलाणीच होता. त्या विजयाचा आनंद आम्हांसही झाला. मात्र त्या धांवफलकाकडे पाहून मनांत २०२२-२३ सालाची आठवण डोकावल्यावांचून राहिली नाहीं.

जुन्या काळीं असें नव्हतें, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें करंडक मुंबईकडे राहिला, हें खरें. परंतु तेव्हांही भार थोड्यांवरच पडे. रमाकांत देसाई मूर्तीनें लहान. त्यांनीं १९५८-५९ च्या पहिल्याच हंगामांत ५० गडी बाद केले, आणि एकोणिसाव्या वर्षीं दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या कसोटींत त्यांच्याकडून एका डावांत ४९ षटकें टाकून घेण्यांत आलीं. एकोणीस वर्षांच्या मुलाकडून ४९ षटकें! पद्माकर शिवलकर ह्यांनीं १९७२-७३ च्या अंतिम सामन्यांत मद्रासेस १६ धांवांत ८ व १८ धांवांत ५ गडी बाद केले. जन्मभर त्यांनीं प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी मिळविले, आणि मार्च २०२५ मध्यें ते निवर्तले ते एकही कसोटी न खेळतां. त्याहून मागें गेलें तर पालवणकर बाळू आहेत. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत ११४ गडी बाद करणाऱ्या ह्या पुरुषास, जातीच्या विटाळापायीं, हिंदु संघाचें नायकत्व रीतसर कधींच मिळालें नाहीं. तें पुढें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल ह्यांस मिळालें. शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांत दिवसाचा भार व ऊन सोसणारे कामकरी आपण वाचलेले आहेत. क्रिकेटांत ते कामकरी म्हणजे गोलंदाज. १९४९ सालीं पुण्यास मुंबई व महाराष्ट्र ह्यांच्या उपांत्य सामन्यांत सर्व मिळून २३७६ धांवा झाल्या, ह्याचें कौतुक अद्याप होतें. त्या धांवा ज्यांना मारल्या गेल्या, त्यांचीं नांवें सांगा म्हटलें तर मात्र कोणास सांगतां येत नाहींत.

असो. आतां मूळ प्रश्न. मुंबईस पांचवा गोलंदाज मिळावयास इतके सायास कां पडावे? ह्या शहरांत मुलांचा तोटा नाहीं, हौसेचा तर नाहींच नाहीं. ह्याचें उत्तर तुषार देशपांडे ह्याच्या गोष्टींत आहे असें आम्हांस वाटतें. हा कल्याणचा मुलगा लहानपणीं शिवाजी पार्क जिमखान्यावर निवड-चांचणीसाठीं गेला. फलंदाजांची रांग पाहतो तों फार लांब, गोलंदाजांची आखूड. वेळेवर घरीं परतावयाचें होतें, म्हणून तो आखूड रांगेंत जाऊन उभा राहिला आणि गोलंदाज झाला. ही हकीकत त्यानें स्वतःच सांगितली आहे. पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें बडोद्याविरुद्ध त्यानें अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धांवा काढल्या, व दहावा कोटियन १२० वर नाबाद राहिला. दोघांनीं २३२ धांवांची भर घातली. दहाव्या व अकराव्या दोघांनींही शतक झळकाविण्याचा प्रकार त्यापूर्वीं जगांत एकदांच, १९४६ सालीं ओव्हलवर चंदू सरवटे व शूटे बॅनर्जी ह्यांच्या हातून, घडला होता. तेव्हां आखूड रांगेंत उभें राहिल्यानें बॅट हातची जाते अशी भीति कोणीं बाळगूं नये!

रांग आखूड कां, ह्याचें एक कारण आमच्या घराभोंवतींच आहे. मेघवाडींत किंवा मजासवाडींत सुटीच्या दिवशीं फेरफटका मारावा. प्रत्येक गल्लींत खेळ चाललेला दिसेल. परंतु गल्ली ती गल्ली. दोहों बाजूंस दारें, उभीं केलेलीं वाहनें, वाळत घातलेलीं लुगडीं. तेथें चेंडू खांद्याखालून हळूच टाकावयाचा, आणि फटका मात्र जमिनीलगत व नेमका मारावयाचा, हा नियमच होऊन बसला आहे. अशा गल्लींत फलंदाजाची नजर व मनगट तयार होतें. गोलंदाजाचें कांहींच तयार होत नाहीं; कारण त्यास लागते पंधरा-वीस पावलांची धांव, बावीस यार्डांची खेळपट्टी, आणि हात पूर्ण फिरविण्याची मोकळीक. मोठ्या मैदानांची आमच्या भागांत टंचाई आहे. इस्माइल युसुफ महाविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारासारखी मोकळी जागा गाडींतून पाहिली कीं पोरांचे डोळे तिकडे लागतात, तें उगीच नव्हे. शार्दूल ठाकूर पालघरचा, देशपांडे कल्याणचा. झहीर खान तर श्रीरामपूरचा. वेगानें चेंडू टाकणारे हे तिघेही गल्ल्यांच्या शहराबाहेरून आले, हा निव्वळ योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पालघरचा मुलगा पहाटेच्या गाडीनें खेळावयास येई, त्या गाड्या आमच्या फलाटाला न थांबतांच धडधडत निघून जातात.

दुसरें कारण अधिक नाजूक आहे, आणि तें सांगतांना प्रस्तुत लेखकास स्वतःकडे बोट करावें लागतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या संघाची देखरेख त्याजकडे होती. संघांत एक मुलगा होता, वय वर्षें चौदा, अंगानें सडपातळ. चेंडू असा सुरेख टाकी कीं समोरचीं मुलें दचकत. दुसरा तितका भरंवशाचा कोणी नव्हता. म्हणजे आम्हीं तयार केला नव्हता. त्यामुळें सकाळीं एका टोकानें त्यास लावला कीं जेवणाच्या सुटीपर्यंत तोच. "दमलास का रे?" असें विचारलें तर म्हणे, "नाहीं सर, अजून टाकतों." चौदा वर्षांचा मुलगा दुसरें काय म्हणणार? आम्ही सामने जिंकीत गेलों, ढालीसोबत छायाचित्र काढवून घेतलें. पुढच्या पावसाळ्यांत त्याचे वडील भेटावयास आले. आवाज अगदीं शांत होता. म्हणाले, "सर, बाळाच्या पाठींत कळ येते, दप्तर उचलवत नाहीं. डॉक्टरांनीं वर्षभर चेंडू टाकूं नको म्हणून सांगितलें आहे." वाढत्या वयांत कण्याच्या खालच्या भागावर अतिरिक्त ताण पडला तर हाडास चीर जाते, आणि जलद गोलंदाजी करणाऱ्या मुलांत ही व्याधि बरीच आढळते, हें आम्हीं त्यानंतर वाचलें. आधीं वाचावयास पाहिजे होतें. तो मुलगा पुढें बरा झाला, शिक्षणांतही चांगला निघाला. चेंडू मात्र त्यानें पुन्हा हातांत धरला नाहीं. मुंबईचा पांचवा गोलंदाज कोठें हरवतो असें कोणी विचारील, तर त्यांतला निदान एक कोठें हरवला तें आम्हांस ठाऊक आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलगा गोलंदाजी करतों म्हणाला तर "त्यांत काय मिळणार?" असें म्हणूं नये. भारी बॅट विकत घेण्यापेक्षां ह्यास खर्च कमीच लागतो. परंतु घरीं आल्यावर त्यास पाठ दुखते का, गुडघा दुखतो का, हें रोज विचारावें, आणि दुखत असेल तर आम्हां शिक्षकांस भीड न धरतां येऊन सांगावें. शाळांकडूनही एक अपेक्षा आहे. स्नेहसंमेलनांत सर्वाधिक धांवांचें बक्षीस असतें. सर्वाधिक बळींचेंही पुष्कळ ठिकाणीं असतें. सामन्यांत ज्यानें पहिल्या चौघांस विसांवा दिला व धांवा दिल्या नाहींत, त्या मुलाचें नांव मात्र कोणी पुकारीत नाहीं. धांवफलकांत निर्धाव षटकांचा रकाना असतोच. तो वाचावयास कितीसा वेळ लागणार?

यंदाच्या निवडीच्या दिवशीं आम्हीं क्रम बदलला. प्रथम गोलंदाजांची रांग लावली, फलंदाजांस झाडाखालीं बसवून ठेविलें, आणि प्रत्येकानें सहा षटकांहून अधिक टाकावयाचीं नाहींत असें आधींच बजावलें. प्रारंभीं चारच मुलें उभीं राहिलीं. मग झाडाखालून एक उठला, त्याच्यामागून दुसरा. पाऊण तासानें मोजलें तेव्हां अकरा भरलीं. त्यांत तीन डावखुरीं होतीं, आणि एकाच्या बुटांचे तळ साफ निघालेले होते. त्याचे बूट आम्हीं शिवावयास दिले आहेत.